पंजीतली माणसे, निस्तारातली जागा

पुतण्याच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी अभिलेख कक्षात कोतवाल पंजीची पाने उलटत बसलो होतो. हवी होती ती नोंद १९२१ ची, आजोबांच्या सावत्र भावाच्या जन्माची. ती लागायच्या आधी १९१८ चा ऑक्टोबर लागला आणि त्या पानावर मला पणजोबांचे नाव दिसले. दचकलो, कारण पणजोबा गेले ते पुष्कळ पुढे, माझ्या वडिलांनी त्यांना पाहिलेले होते. पान खिडकीकडे नेले तेव्हा उलगडा झाला. नावाच्या आधी 'जौजे' होते. जौजे म्हणजे बायको. त्याच्याही आधी तिचे स्वतःचे नाव असणार, पण तिथला कागद कसरीने खाल्लेला. एक 'स' तेवढा शाबूत होता. वय २५. मृत्यूचे कारण : ताप.

आजोबांची आई ते सहा वर्षांचे असताना गेली, एवढेच घरात ठाऊक होते. तिचे नाव कुणी घेत नसे, कारण ते कुणाला माहीतच नव्हते. नकलेसोबत त्या पानाचीही प्रत घेऊन मी गावी गेलो. गोंडपिपरी तालुक्यातले आमचे गाव वर्धा नदीच्या अलीकडे आहे. वडील अठ्ठ्याऐंशीचे. त्यांनी चष्मा लावून तो 'स' बराच वेळ पाहिला आणि एकच विचारले, "मंग तिले माती कोठं देल्ली?"

प्रश्न साधा वाटतो. पण तो सोडवायला मला पावणेदोन वर्षे लागली, आणि या खटपटीत जुन्या चांदा जिल्ह्यात मेलेल्या माणसाची नोंद कशी होत असे, कुठे होत असे आणि कुठे मुळीच होत नसे, याचा जो थोडाफार उमज पडला तो इथे मांडतो आहे. आपल्या पूर्वजांच्या थडग्याचा किंवा समाधीचा शोध घेणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'दफनभूमीचे रजिस्टर' म्हणून जी वस्तू आपण कल्पनेत आणतो, म्हणजे तारीख, मृताचे नाव, वय, धंदा, पुरल्याचा दिवस आणि विधी करणाऱ्याची सही अशी वही, ती मुळात चर्चची. चांद्याला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. अशा मिशनांतल्या ख्रिस्ती कुटुंबांना ती वही मिळू शकते. ब्रिटिश अमदानीतल्या गोऱ्यांच्या दफन-नोंदींच्या तर वर्षावर्षाला नकला होऊन त्या विलायतेला जात, आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्या कोणालाही पाहता येतात. एवढ्यावरही सरकारचे समाधान झाले नव्हते. ओ. एस. क्रॉफ्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या थडग्यांवरचे आणि स्मारकांवरचे लेख गोळा केले, ज्यांची थडगी त्यांच्या चरित्राच्या टिपा जोडल्या आणि ती यादी १९३२ साली नागपुरात सरकारी छापखान्यातून पुस्तकरूपाने निघाली. काम चोख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात माझी पणजी असणे शक्य नाही, तुमचीही नाही.

एतद्देशीयांपैकी दगडात राहिले ते राजे. चंद्रपूरला अचलेश्वराच्या देवळालगत गोंड राजांच्या समाध्या आहेत. राणी हिराईने बीरशहाची बांधलेली समाधी त्यात सर्वांत देखणी. त्याच्या कितीतरी आधीचे, ज्यांची नावे तर सोडाच पण भाषाही आपल्याला सांगता येत नाही अशा लोकांचे दफनाचे मोठमोठे दगड याच मुलखात आहेत. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरची महापाषाणीय दफने अभ्यासकांना परिचित आहेत. भामरागड-एटापल्लीकडे गेलात तर माडिया गावांच्या वाटेवर मृतांच्या नावाने उभे केलेले दगड अजूनही दिसतात. त्यांच्यावर अक्षर नसते, पण कोणता दगड कुणाचा हे गावाला ठाऊक असते. म्हणजे राजाला समाधी, साहेबाला संगमरवर, माडियाला उभा दगड. मधल्या गावांतल्या कुणबी, तेली, माळी, ढिवर, महार अशा माणसांना यातले काही नाही. त्यांच्यासाठी आहे ती कोतवाल पंजी.

मुंबई इलाख्यातल्या वाचकांना गाव नमुना १४ माहीत असेल. त्याचाच हा मध्यप्रांती भाऊ. मध्यप्रांतात जन्ममृत्यूची वर्दी देण्याचे काम गावच्या कोतवालाकडे होते. गावात मूल जन्मले की, माणूस मेले की, त्याने आपल्या बुकात ते लिहवून घ्यायचे आणि ठरल्या दिवशी बुक घेऊन पोलीस ठाण्यावर जायचे. लिहवून घ्यायचे म्हणतो, कारण बहुतेक कोतवालांना अक्षरओळख नव्हती. पाटील, शाळामास्तर, कुणी शिकलेला असेल तो लिही. ठाण्यातला मोहरीर ते आपल्या रजिस्टरात उतरवून घेई. तिथून आकडे वर जात, आणि सरकारला रस होता तो या आकड्यांतच : पटकीचे किती, देवीचे किती, तापाचे किती. वर आकडे गेले, खाली वह्या राहिल्या, आणि त्या वह्यांत माणसे राहिली. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत शोधायच्या, त्याआधीच्या या पंजीत.

पंजी वाचायची कशी, याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथेच माणसे वाट चुकतात.

पहिली गोष्ट, पंजी गाववार शोधण्याआधी ठाणे ठरवा. नोंद ठाण्याच्या हद्दीने झालेली असते आणि हद्दी बदललेल्या असतात. तालुके फुटले, जिल्हा फुटला (गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला), खुद्द चांद्याचे चंद्रपूर झाले. आज तुमचे गाव ज्या तहसिलीत आहे तिथेच जुनी पंजी असेल असे धरून चालू नका. आमची तिथे नव्हती. अर्जात मौजा, जुना बंदोबस्त नंबर, पटवारी हलका आणि ठाणे लिहिलेत तर शोधणाऱ्याचे श्रम निम्मे होतात, आणि तो तुमच्याशी बरे बोलतो.

दुसरे, नात्यांचे शब्द. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे अमक्याची विधवा. बाई शोधायची असेल तर तिच्या नावाने शोधू नका, नवऱ्याच्या नावाने शोधा. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव आणि पुढे 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली' एवढेच. वयावर विसंबू नका. तरुणांची वये थोडीफार खरी असतात, म्हाताऱ्यांची चाळीस, पन्नास, साठ अशी ठोक. तारखेतही एक खोच आहे. काही ठिकाणी ती मृत्यूची असते, काही ठिकाणी वर्दी दिल्याची. एकाच तारखेखाली चार-पाच माणसे दिसली तर ती एकाच दिवशी गेली असे नव्हे, कोतवाल त्या दिवशी ठाण्यावर पोचला एवढाच अर्थ. काही पाने मोडीत आहेत. त्यासाठी जाणकार गाठावा, अंदाजाने वाचू नये. जात पडताळणीत तर नाहीच नाही.

आणि कारणाचा रकाना. पटकी, देवी, हगवण, सर्पदंश, वाघाने मारले असे काही नेमके नसेल तर सगळे 'ताप' या एका शब्दात जमा. हिवतापाचा ताप, विषमज्वराचा ताप, बाळंतरोगाचा ताप, आणि १९१८ सालचा मानमोडीचाही ताप.

आता त्या पानाकडे येतो. मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची जागतिक साथ. सप्टेंबरात ती मुंबईहून देशात पसरली आणि ऑक्टोबरात मध्यप्रांतात शिगेला पोचली. हिंदुस्थानात या साथीत एक कोटी वीस लाखांवर माणसे गेली असे सामान्यतः धरतात; काही अभ्यासकांचे अंदाज त्याच्याही पुष्कळ वर आहेत. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांपैकी होता. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला. आणखी एक गोष्ट या साथीची म्हणून नोंदलेली आहे : नेहमी म्हातारी आणि मुले आधी जातात, इथे वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे गेली, आणि त्यांतही बायका जास्त. पंचवीस वर्षांची 'स' या हिशेबात बरोबर बसते.

त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर आणि दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. आमच्या गावाच्या एरवीच्या महिनाभराच्या नोंदी एका पानात मावतात. दसरा ते दिवाळी या काळात पान भरते, उलटते, पुढचेही भरते. कारणाच्या रकान्यात सुरुवातीला प्रत्येक ओळीला 'ताप' लिहिले आहे, नंतर 'सदर', नंतर नुसत्या रेघा. मध्येच हस्ताक्षर बदलते. आधीचे वळणदार अक्षर पुन्हा येत नाही.

सध्या या पंज्यांना बरे दिवस आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कागदांची छायाचित्रे घेतली गेली. कधी नव्हे ते अभिलेख कक्षांत माणसे रांगा लावतात. पण सगळ्यांची बोटे जातीच्या रकान्यावरून खाली सरकतात. शेजारच्या रकान्यात मृत्यूची तारीख आहे, कारण आहे, तिकडे क्वचितच कुणी पाहते. मीही गेलो होतो तो जातीसाठीच, तेव्हा दुसऱ्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

पंजी एवढे सगळे सांगते आणि एक गोष्ट सांगत नाही : जागा. जाळले की पुरले, पुरले तर कुठे, हा रकानाच तिच्यात नाही. आमच्या घराण्यात अग्नी देतात, अस्थी मार्कंडा देवस्थानाशी वैनगंगेत सोडतात. पण अग्नी हा सरसकट नियम कधीच नव्हता. लहान मूल, देवीने गेलेले, लाकूड परवडत नाही असे घर, यांना मातीच. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात गोंडांविषयी लिहिताना म्हटले आहे की पुरणे हीच त्यांची जुनी रीत, दहन हा पुढे आलेला मान. तो घरच्या कर्त्या माणसाला मिळे. गोंडेतर जातींतही गरिबाची गोष्ट फार वेगळी नव्हती. आणि साथीत तर कुणाचीच नव्हती.

जागेसाठी दुसरा कागद पाहावा लागतो, तो म्हणजे निस्तारपत्रक. हा शब्द विदर्भाबाहेर फारसा ऐकू येत नाही. मालगुजारीच्या काळात गावातली पडीत जमीन, झुडपी जंगल, तलाव मालगुजाराचे, पण गुरे चारणे, जळण आणणे, माती खणणे, मुर्दे नेणे हे गावकऱ्यांचे हक्क; त्यांना निस्तार म्हणत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, १९५१ मध्ये जमिनी सरकारात आल्या, आणि कोणत्या जमिनीवर गावाचा कसला हक्क हे लिहून ठेवणे भाग पडले. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही कलम १६१ निस्तारपत्रकाचे आणि १६५ वाजिब-उल-अर्जचे आहे. निस्तारपत्रकात भूमापन क्रमांक, क्षेत्र आणि वापर असतो : गुरचरण, खळवाडी, कुंभाराची माती, मेलेली ढोरे फाडण्याची जागा, मरघट. नीट पाहिले तर पुष्कळ गावांत जाळण्याची जागा वेगळी आणि पुरण्याची वेगळी, शिवाय समाजासमाजाची आणखी वेगळी निघते. हे वाचताना बरे वाटत नाही, पण शोधणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

म्हणजे पंजीत माणूस आहे पण जागा नाही, निस्तारपत्रकात जागा आहे पण माणूस नाही. ही दोन दप्तरे एकाच सरकारची, पण कुणी कधी एकमेकांशेजारी ठेवलेली नाहीत. ती शेजारी ठेवणे हेच पूर्वज शोधणाऱ्याचे काम.

वर्धेपलीकडे सोयरीक असलेल्यांसाठी एक इशारा. राजुरा तालुका निजामाचा. तो चांदा जिल्ह्यात आला १९५९ साली. तिकडची जुनी दप्तरे उर्दूत आणि साले फसली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन अदमासे मिळतो. नदीच्या या काठची पद्धत त्या काठाला लावायला जाल तर हात हलवत परत याल.

आमच्या गावच्या निस्तारपत्रकात दोन जागा निघाल्या. एक नदीकाठी, जिथे आज शेड आहे आणि जिथे आम्ही सगळ्यांना पोचवले. दुसरी नाल्याच्या कडेला, 'मुर्दे गाडण्याची जागा', पाऊण एकराहून थोडी जास्त. माझ्या वयाच्या कुणालाही ती ठाऊक नव्हती. आम्ही लहानपणी तिथे मोहफुले वेचली, बोरे खाल्ली. बोरी एवढ्या दाट का आणि दगडांचे ढीग कुणी केले हे विचारले नाही. कोतवालकी ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या होती त्या घरातले एक आजोबा अजून आहेत. त्यांना गाठले. ते म्हणाले, "मानमोडीच्या सालात लाकूड कोन तोडन, बाप्पा? चार खांदेकरी भेटत नव्हते. मोहाच्या अंगाले नेऊन पुरलं सायाले." ढिगांचे कारणही त्यांनीच सांगितले. उथळ खड्डा तरस उकरतो, म्हणून वर दगड रचायचे आणि त्यांत बोरीची काटेरी डहाळी खोचायची. तो मोह कधीच पडला, बुंधा तेवढा आहे.

कागदावर नसलेली जागा झाडाने लक्षात राहते, असे या मुलखात पुष्कळदा दिसते. बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी दिले. त्यांच्या स्मरणाला लोक जमतात ते तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळापाशी.

याच सुमारास गावात नाल्याकडच्या त्या 'रिकाम्या' सरकारी जागेवर धानाचे गोदाम बांधण्याचा विषय निघाला. गोदाम हवेच आहे. दरवर्षी धान उघड्यावर भिजते, त्यात आमचेही असते. जागा सपाट करायला यंत्र येणार, दगड बाजूला लोटणार, काम दोन दिवसांचे. मी ग्रामसभेत निस्तारपत्रकाची नक्कल वाचली. एकाने विचारले, "मास्तर, शंभर वर्षं कोनी दिवा लावला नाही, आताच बरी आठवन आली?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मला उत्तर सुचले नाही. मग मी पंजीच्या पानाची प्रत काढली आणि दसऱ्यापासूनच्या ओळी वाचत गेलो : अमका वल्द तमका, अमकी जौजे तमका. सातव्या-आठव्या नावाला तो म्हणाला, "थे आमचे." त्याच्या आज्याचा थोरला भाऊ होता. नंतर आणखी दोघांनी आपली माणसे ओळखली.

इथे वनहक्क कायद्याची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती ज्यांच्या गावाला जंगल लागून आहे अशा प्रत्येकाच्या कामाची आहे. २००६ च्या कायद्याखालच्या नियमांत, नियम १३ मध्ये, वहिवाटीचे पुरावे सांगितले आहेत. कागदपत्रांबरोबरच विहिरी, देवस्थाने आणि दफनाच्या जागा हेही पुरातन वास्तव्याचे पुरावे म्हणून धरले जातात. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर या दोन जिल्ह्यांतल्या असंख्य गावांनी दावे केले. अनेक गावांना आपण इथले आहोत हे सिद्ध करायला सातबारा नव्हता, पूर्वजांचे दगड होते. आमचा दावा जंगलाचा नव्हता, पण हा नियम वाचून दाखवल्यावर सभेतले हसणे थांबले.

गोदाम शाळेमागच्या तुकड्यावर हलवायचे ठरले. नाल्याकडची जागा मोजून घ्यावी असाही ठराव झाला. मोजणीच्या दिवशी वडील हट्टाने आले, खुर्ची टाकून बसले. पाऊण एकरापैकी नाल्याने बराच भाग खाल्ला आहे, आणि दोन ढीग शेजारच्या शेताच्या बांधाआड गेले आहेत. त्या शेतकऱ्याने ते तसेच ठेवायचे कबूल केले. उरलेल्यात नीट ओळखू येतील असे अकरा. त्यांतला कोणता तिचा, किंवा ती नाल्याबरोबर वाहून गेली, ते सांगणारे कोणी नाही. मोहाच्या बुंध्याजवळचा ढीग धाकटा दिसतो म्हणून तो बाईचा असावा असे एकाने सुचवले. वडिलांनी मान हलवली. "अंदाजानं नको."

यंदाच्या अक्षय तृतीयेला आम्ही घरी पितरांची घागर मांडली तेव्हा दुसरी एक घागर मोहाच्या बुंध्याशी ठेवली. पितरांची नावे घेण्याची वेळ आली. वडील जरा थांबले, मग एकामागून एक म्हणत गेले : सखू, सगुणा, सरस्वती, सीता, सोना, सावित्री, साळू. एकेका नावाला पळीभर पाणी सोडत गेले. घागर अर्धी झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "आनखी कोनतं अशीन?"